स्वतःचीच सुपारी: ‘द किलर्स गेम’ पहिल्या अर्ध्या तासानंतर सैल का पडतो?

कोपरी_पूर्व (धागाकर्ती)

‘द किलर्स गेम’ (२०२४) बद्दल जाणकारांची मतं हवी आहेत. खाली अख्खी कथा उघडी पडणार आहे, त्यामुळे रसभंग नको असेल तर आधी सिनेमा पाहून या.

ज्यांनी बऱ्याच दिवसांपूर्वी पाहिलाय त्यांच्यासाठी उजळणी. जो फ्लड (डेव्ह बटिस्टा) हा मुरलेला भाडोत्री मारेकरी. मेझ नावाच्या नर्तकीच्या (सोफिया बुटेला) प्रेमात पडतो. डोकेदुखीसाठी डॉक्टरकडे जातो तर असाध्य मेंदूविकार निघतो, थोडेच महिने उरलेत असं सांगतात. झिजून मरायला नको म्हणून तो स्वतःचीच सुपारी देतो. मग डॉक्टरांकडून कळतं की निदान चुकलं होतं, आजार नाहीच. सुपारी मागे घ्यायला जावं तर ज्या मारियानाला (पॉम क्लेमेंटिफ) ती दिली ती ऐकत नाही, कारण तिच्या वडिलांना यानेच मारलेलं असतं. त्यानंतर मारेकऱ्यांची रांग लागते.

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या सिनेमा गटात यावर सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो मारामारी झकास आहे, आणखी काय हवं? दुसरा म्हणतो प्रेमकथा संपते तिथेच हसू संपतं. मला नेमकं कळून घ्यायचंय की दोष कथेत आहे, मारामारीच्या चित्रीकरणात, की विनोदात? याच कल्पनेवरचे जास्त जमलेले सिनेमे कोणते? क्लबहाउस दोन रविवार मिळालंय. टीव्ही ५५ इंची, साउंडबार साधा, आणि गोळीबार कानठळ्या बसवतो पण संवाद पुटपुटल्यासारखे येतात. गटात पंधरा-सोळा वर्षांची दोन मुलं आहेत, तेही धरून सांगा.

पारसिक_बोगदा

ताई, दोष कथेच्या एकाच सांध्यात आहे: सुपारी मागे का घेता येत नाही, याचं उत्तर.

कल्पना जुनी आहे. ज्यूल व्हर्नच्या १८७९ सालच्या, चीनमध्ये घडणाऱ्या कादंबरीत किन-फो नावाचा गर्भश्रीमंत आणि आयुष्याला कंटाळलेला तरुण आहे. संपत्ती बुडाल्याची बातमी येते. तो भलामोठा आयुर्विमा उतरवतो आणि आपला गुरू वांग याला सांगतो की विम्याची मुदत संपायच्या आत मला मार. वांगवर आळ येऊ नये म्हणून तशी चिठ्ठीही लिहून देतो. नंतर कळतं की पैसा शाबूत आहे. पण तोवर वांग चिठ्ठीसकट गायब झालेला असतो. यातला सगळ्यात सुंदर तुकडा म्हणजे विमा कंपनीची दोन माणसं, क्रेग आणि फ्राय. ते किन-फोचा जीव वाचवायला त्याच्यामागे सावलीसारखे फिरतात, आणि कारण काय, तर मुदतीच्या आत हा मेला तर कंपनीला पैसे मोजावे लागतील! मुदत संपली की त्यांना त्याच्या जिवाशी घेणंदेणं नाही. विनोद इथे पात्राच्या गुळगुळीत संवादात नाही, व्यवहारात आहे.

१९४४च्या ‘द व्हिसलर’मध्ये हीच गाठ गंभीरपणे येते. बायको मेली असं समजून माणूस मध्यस्थामार्फत स्वतःच्या मरणाची सोय करतो, मग ती जिवंत असल्याचं कळतं, आणि तोवर मध्यस्थच मारला गेलेला असतो. फिनलंडच्या अकी काउरिस्माकीचा ‘आय हायर्ड अ काँट्रॅक्ट किलर’ (१९९०) तर या प्रकारातला माझ्या मते सगळ्यात नेटका सिनेमा. लंडनच्या पाणीपुरवठा कार्यालयातून कमी केलेला एक फ्रेंच कारकून. गळफास लावतो तर आकडाच उखडतो. गॅस सोडतो तर संपामुळे गॅस बंद. शेवटी एका बारमध्ये जाऊन पैसे मोजतो. प्रेमात पडल्यावर सुपारी रद्द करायला परत जातो, तर तो बारच पाडून टाकलेला.

तिन्हीकडे काय समान आहे पाहा. चिठ्ठी गायब, मध्यस्थ मेलेला, बार जमीनदोस्त. निरोप पोचवायची वाट तुटली आहे. कुणाचं वैर नाही, कुणी हट्टाला पेटलेलं नाही. त्यामुळे मारेकरी कुठून, कधी, कुठल्या रूपात येईल हे नायकाला माहीत नाही, आणि रस्त्यावरचा प्रत्येक माणूस संशयित होतो. हसू आणि भीती दोन्ही त्या संशयातून येतात.

‘द किलर्स गेम’मध्ये वाट शाबूत आहे. मारियाना समोर बसलीये आणि ‘नाही’ म्हणतेय. वैर आलं की खलनायिका मिळते, खलनायिका आली की मारामारीला कारण मिळतं, पण संशय गेला. वर प्रत्येक नवा मारेकरी ठसठशीत ओळख परेड करून आत येतो. स्कॉटिश भाऊ आले, नाचत लढणारा आला, मोटारसायकलवाले आले. कोण मारणार हे आपल्याला कळलं, जोलाही कळलं, उरला फक्त ‘आता पुढचा कोण’ हा प्रश्न. हा मोबाइलवरच्या खेळाचा प्रश्न झाला, एक पातळी संपली की दुसरी.

दुरुस्ती फार मोठी लागली नसती. मारेकऱ्यांपैकी दोघे-तिघे प्रेक्षकाला माहीत पण जोला माहीत नाहीत असे ठेवायचे. जो मेझबरोबर जेवायला बसलाय, बाजूच्या टेबलावर कोण बसलंय हे फक्त आपल्याला ठाऊक आहे. मग त्याने मीठ मागितलं तरी पोटात गोळा येतो आणि हसूही येतं. पहिल्या अर्ध्या तासात प्रेमकथा आणि धंदा असेच एकमेकांच्या अंगावरून जातात, म्हणून तो भाग बांधलेला वाटतो.

घणसोली_स्टंट

वरचं विश्लेषण पटलं, पण मारामारीला ‘मोबाइलचा खेळ’ म्हणून बाजूला सारणं मला मान्य नाही. दिग्दर्शक जे. जे. पेरी मूळचा स्टंट समन्वयक, ‘डे शिफ्ट’ (२०२२) हा त्याचा पहिला सिनेमा. हात-पाय कसे चालतात हे त्याला नीट कळतं. स्कॉट ॲडकिन्स आणि मार्को झारोर हे दोघे स्वतः लढणारे नट आहेत, म्हणून त्यांच्या लढतीत डुप्लिकेट लपवण्यासाठी पाठमोरे शॉट घ्यावे लागत नाहीत. चुकतं ते वेगळ्या ठिकाणी.

हसवणाऱ्या मारामारीत तीन गोष्टी एकाच चौकटीत दिसाव्या लागतात: माणूस डोक्यापासून पायापर्यंत, हाताशी आलेली वस्तू, आणि मार बसल्यावरचा चेहरा. यातलं एक जरी वेगळ्या शॉटमध्ये ढकललं तर प्रेक्षक जोडणी करत बसतो आणि हसायची वेळ निघून जाते. मूकपटांचा विनोदवीर बस्टर कीटन पूर्ण शरीर चौकटीत ठेवायचा ते यासाठीच. हाँगकाँगच्या पद्धतीत ठोशावर कट करताना पुढच्या शॉटमध्ये तीच हालचाल दोन-तीन फ्रेम मागून पुन्हा सुरू करतात. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर हा साधारण एक-बारांश ते एक-अष्टमांश सेकंद होतो. डोळ्याला पुनरावृत्ती कळत नाही, पण फटका दुप्पट जोराचा लागतो. ठोशाच्या एक-दोन फ्रेम आधीच कट केला तर कितीही खरा मार असो, पोचत नाही.

घरी करून बघा. आवाज बंद करा, मारामारीचं एक मिनिट घ्या आणि प्रत्येक कटला बोट मोडा. मिनिटाला पन्नासच्या वर कट आणि तीन सेकंदांपेक्षा लांब शॉट एकही नाही, असं असेल तर तिथे थरार असू शकतो, हसू जवळपास अशक्य. हसायला विराम लागतो. मार खाल्लेला माणूस क्षणभर ‘हे काय झालं’ असं बघतो, आणि प्रेक्षक त्या क्षणात हसतो.

रक्ताबद्दलही बोललं पाहिजे, कारण काळ्या विनोदात रक्त हे पात्रच असतं. पूर्वी कपड्याखाली लहानसा स्फोटक आणि कृत्रिम रक्ताची पिशवी बांधायचे, त्याला स्क्विब म्हणतात. एक स्क्विब उडाला की तो पोशाख वाया, म्हणून प्रत्येक टेकला नवा सदरा, नवी बांधणी आणि बराच वेळ. वेळ वाचवायला हल्ली संगणकावर रक्त घालतात. ते हवेत धुक्यासारखं उडतं आणि नाहीसं होतं. भिंतीवर डाग नाही, बाहीवर ओघळ नाही. पुढच्या प्रसंगात तोच सदरा कोरा! डाग राहिला असता तर तो लपवायची धांदल झाली असती, आणि त्या धांदलीत चार चांगले विनोद होते.

उलट बाजू पाहायची असेल तर ‘ग्रॉस पॉइंट ब्लँक’ (१९९७) घ्या. मारेकरी नायक शाळेच्या दहा वर्षांनंतरच्या स्नेहसंमेलनाला जातो. शाळेच्या बोळात लॉकरांच्या रांगेसमोर लढत होते. समोरचा आहे बेनी उर्किडेझ, खराखुरा किकबॉक्सर, नायक जॉन क्युसॅकचा प्रत्यक्षातला प्रशिक्षक. जागा अरुंद, पार्श्वसंगीत उडतं, आणि शेवट होतो जाहिरातीच्या फुकट पेनाने. पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो: वर संमेलन चालू आहे, आता या प्रेताचं काय करायचं? लढत संपली पण काम संपलं नाही, म्हणून हसू चालू राहतं. जपानच्या ‘बेबी असॅसिन्स’मध्येही (२०२१) हेच सूत्र आहे. दोन मुली मारेकरी म्हणून पटाईत, पण शाळा संपल्यावर एजन्सी त्यांना वरवर दाखवायला साधी नोकरी धरायला लावते आणि तिथे त्यांची त्रेधा उडते. त्यातली शेवटची मोठी लढत केन्सुके सोनोमुराने बसवलीये, ती तरी चुकवू नका.

वर्तकनगर_ओपीडी

एक तांत्रिक मुद्दा, कारण कथेचा पाया आजारावर आहे. सिनेमात सांगितलेला आजार क्रॉइट्झफेल्ट-याकोब. प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, वर्षाला दहा लाखांमागे एक-दोन रुग्ण, उपचार नाही, बहुतेक रुग्ण वर्षभरात दगावतात. सुपारीचं कारण म्हणून निवड अगदी योग्य, कारण आशेला जागाच उरत नाही.

फक्त त्याचं निदान डोकेदुखी आणि एका अहवालावर होत नाही. मेंदूचा एमआरआय, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद), पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासणी, आणि लक्षणांची आठवड्या-आठवड्याची नोंद लागते. पूर्ण खात्री मेंदूच्या ऊतीच्या तपासणीशिवाय होत नाही. मुख्य लक्षणं म्हणजे झपाट्याने जाणारी स्मृती, तोल जाणं, अंगाला अचानक झटके. लेखकांनी इथे मोठी संधी सोडली असं मला मनापासून वाटतं. निशाणबाजाला हात थरथरण्याची भीती दाखवली असती, दर गोळीआधी त्याने स्वतःचा हात तपासला असता, तर चुकीचं निदान आपल्यालाही खरं वाटलं असतं. आत्ता ते फक्त कथा पुढे ढकलायला येतं.

नेरूळ_पश्चिम

पारसिक, संशयाचा मुद्दा मान्य. पण तेवढा दुरुस्त केला तरी हा सिनेमा ‘काळा’ विनोद झाला नसता. कारण यात एकही मरण जड नाही.

काळ्या विनोदाचा हिशेब कडक असतो. दहा मरणांवर हसायची मुभा हवी असेल तर निदान एक मरण असं लागतं ज्यावर कुणीही हसू शकत नाही. ‘इन ब्रूज’ (२००८) घ्या. मार्टिन मॅकडॉनाचा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. दोन मारेकरी बेल्जियमच्या ब्रूज गावात लपलेत, एकाला जुन्या इमारती पाहायच्यात, दुसऱ्याला हे गाव म्हणजे शिक्षा वाटते. त्यांच्या कटकटीवर आपण हसतो. मग कळतं की दुसऱ्याने चर्चमध्ये पाद्र्याला मारताना गोळी मागच्या लहान मुलाला लागली. तो प्रसंग सिनेमा झटकत नाही. त्यांचा मालक हॅरी (राल्फ फाइन्स) जो नियम पाळतो, म्हणजे मुलाला मारणाऱ्याने जगायचं नाही, तोच नियम शेवटी त्याच्यावर उलटतो. विनोद, नियम आणि अपराध एकाच धाग्यात ओवलेत. म्हणून दुसऱ्यांदा पाहताना पहिल्या अर्ध्या तासातलं प्रत्येक हसू थोडं टोचतं.

आपल्याकडे हे नवं नाही, हे सांगायला मला विशेष आवडेल. सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ १९७४चं. मेलेला भाऊराव स्वतःच कीर्तनाच्या ढंगात बोलतो, आणि प्रेत जाळायचं कुठे, विधी कोण करणार, शेजारी काय म्हणणार यावर नाटक उभं राहतं. हसू मरणावर नाही, मरणाभोवतीच्या रीतीवर आहे, आणि मागे राहिलेल्या बायको-मुलाचं रितेपण तसंच राहतं. मारेकऱ्याच्या सिनेमातही गंमत गोळीत नसते. उरलेले पैसे कधी मिळणार, प्रवासखर्च कोण देणार, काम चुकलं तर भरपाई काय, यात असते. ‘ग्रॉस पॉइंट ब्लँक’मध्ये तर एक मारेकरी दुसऱ्याला संघटनेत ओढायला बघतो!

दुसरा धडा फार्सचा. बबन प्रभूंच्या फार्सची ताकद ही की एक थाप झाकायला दुसरी, दुसरी झाकायला तिसरी, आणि कुठल्या दारामागे कोण आहे हे प्रेक्षकाला पात्रांच्या आधी ठाऊक असतं. शेवटी सगळी दारं एकाच वेळी उघडतात. ‘द किलर्स गेम’मध्ये दारं एकामागून एक उघडतात. एक टोळी येते, मरते, मग दुसरी. दोन टोळ्या एकाच खोलीत एकमेकींना अडचण होतायत असं घडायला हवं होतं. बक्षीस एकालाच मिळणार आहे, मग हे सगळे आधी एकमेकांना का नाही आडवे येत? त्या स्पर्धेत केवढी मजा होती!

घणसोली_स्टंट

नेरूळ, ‘एक मरण जड हवंच’ हा नियम मी इतका सरसकट लावणार नाही. कार्टूनमध्ये मांजराच्या डोक्यात घण बसतो आणि पुढच्या क्षणी ते उठतं, ती एक रीतसर शैली आहे. ‘बेबी असॅसिन्स’ बराच वेळ त्या शैलीत राहतो आणि जमतो. अडचण तेव्हा होते जेव्हा सिनेमा प्रेम आणि आजार खरे म्हणून मांडतो आणि मग मरणं कार्टूनसारखी हाताळतो. मेझसमोर माणसं मरतात, मग तिला सावरायला किती वेळ दिलाय ते मोजा. तिथे दोन मिनिटं शांतता दिली असती तर पुढच्या गोंधळालाही वजन आलं असतं.

नेरूळ_पश्चिम

हे मान्य. शैली कुठलीही घ्या, पण पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकाशी जो करार केला तो मोडू नका, असं म्हणू. हा सिनेमा साधारण अर्ध्या तासाला करार बदलतो, आणि ताईंच्या गटातल्या दुसऱ्या तटाला नेमकं तेच बोचलंय.

सीवूड्स_सबटायटल

भाषेकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो. इंग्रजीतल्या ‘काँट्रॅक्ट’ला मराठीत ‘करार’ केलं की विनोद मेलाच. आपल्याकडे नेमका शब्द आहे, सुपारी. त्याला जो पदर आहे तो इंग्रजीला नाही. तमाशाचा फड, बँजो पार्टी, ऑर्केस्ट्रा यांचा कार्यक्रम ठरवतानाही ‘सुपारी’च देतात. तोच शब्द यात्रेच्या वगाला आणि खुनाला! मारेकऱ्याने ‘या महिन्यात तीन सुपाऱ्या आहेत’ म्हटलं आणि ऐकणाऱ्याला तो गायक वाटला, तर सबंध प्रसंग उभा राहतो. मराठीत कुणी असा सिनेमा लिहीत असेल तर त्याने हा शब्द वाया घालवू नये.

आता पाहण्यापुरतं. विनोदी सिनेमात सबटायटलची मोठी खोड म्हणजे नट वाक्य संपवायच्या आत आपण ते वाचून संपवतो. इंग्रजी सबटायटल साधारण ४२ अक्षरांच्या दोन ओळींत बसवतात आणि पूर्ण वाक्य एकदम येतं, त्यामुळे शेवटचा खटका आधीच फुटतो. ‘द किलर्स गेम’चं इंग्रजी बरंच सोपं आहे, सबटायटल बंद करून पाहा. ‘इन ब्रूज’मध्ये आयरिश उच्चार जाड आहेत, तिथे चालू ठेवा, पण अक्षर लहान करा आणि मागची काळी पट्टी काढा, म्हणजे नजर चेहऱ्यावर टिकते. ‘श्रवणदोष असणाऱ्यांसाठी’ अशी वेगळी सबटायटल असतात, त्यात ‘दार वाजतं’, ‘बंदूक लोड होते’ असंही लिहिलेलं असतं. गरज नसेल तर ती घेऊ नका, दबा धरून बसलेला मारेकरी तिथेच उघडा पडतो.

डबिंग शक्यतो टाळा. ॲडकिन्स आणि ड्रू मॅकिन्टायरच्या स्कॉटिश भावांची निम्मी गंमत उच्चारात आहे. डबमध्ये सगळे एकाच स्टुडिओतल्या एकाच सुरात बोलतात आणि ओठांशी मेळ घालायला विराम खाल्ले जातात.

मानपाडा_साउंड

संवाद पुटपुटल्यासारखे येण्याचं कारण साउंडबारचा दर्जा नसतो, बहुतेक वेळा सेटिंग असतं. सिनेमाचा ध्वनी ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक बासचा अशा मांडणीत, बांधलेला असतो आणि संवाद जवळजवळ सगळे मधल्या स्पीकरकडे पाठवलेले असतात. तुमच्या साध्या साउंडबारला मधला स्पीकर नाही. मग मधला आवाज साधारण ३ डेसिबल कमी करून डाव्या-उजव्यात मिसळला जातो, आणि त्याच दोन स्पीकरांतून गोळीबारही येतो. म्हणून संवादासाठी आवाज वाढवला की पुढच्या मिनिटाला भिंती हादरतात.

ॲपच्या ऑडिओ यादीत ‘५.१’ ऐवजी साधा स्टिरिओ ट्रॅक असेल तर तो घ्या. टीव्हीच्या ध्वनी मेनूत ‘डिजिटल आउटपुट’ला ‘पीसीएम’ करा. साउंडबारवर ‘नाइट मोड’ किंवा ‘डायलॉग’ बटण असेल तर लावा, त्याने मोठे आवाज दाबले जातात आणि बारीक आवाज वर येतात. बास दोन घरं खाली आणा. साउंडबार ब्लूटूथने जोडला असेल तर लगेच एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल वायरवर न्या. ब्लूटूथला शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. घणसोलीने वर सांगितलेल्या दोन-तीन फ्रेमच्या करामती या उशिरात पूर्ण बुडतात, चापट आधी दिसते आणि आवाज नंतर येतो.

चित्रासाठी एकच काम करा. ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा. कंपनीनुसार त्याला ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस अशी नावं असतात. ते चालू असेल तर टीव्ही २४ फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या बनावट फ्रेम घालतो आणि मारामारी रोजच्या मालिकेसारखी दिसते. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो निवडला की हे आपोआप बंद होतं.

आणि महत्त्वाचं. ओटीटीचं वर्गणीखातं घरगुती, वैयक्तिक पाहण्यापुरतं असतं. क्लबहाउसमध्ये फुकट दाखवलं तरी तो सामूहिक खेळ होतो आणि त्याला हक्कधारकाची परवानगी लागते. सोपा मार्ग म्हणजे आठवड्यात सगळ्यांनी आपापल्या घरी पाहून यायचं आणि रविवारी क्लबहाउसमध्ये फक्त चर्चा करायची. चर्चाही जास्त सखोल होते, कारण लोक थांबवून, मागे जाऊन पाहतात.

कोपरी_पूर्व (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी पाहून चर्चेला यायचं हे पटलं, तसंच करू. मुलांचं काय ते अजून कळलं नाही. आणि दोन रविवारांत क्रम कसा लावू?

वर्तकनगर_ओपीडी

मुलांबद्दल आधी. ओटीटीवर शीर्षकाखाली वयोगट दिलेला असतो. २०२४ च्या नियमांनंतर थिएटरच्या प्रमाणपत्रातही यूए ७+, १३+ आणि १६+ असे वेगळे गट आहेत. ‘ए’ म्हणजे फक्त १८ वर्षांवरील, तिथे पालकांची संमती चालत नाही. नुसतं अक्षर पाहून थांबू नका, त्यापुढे लिहिलेली कारणंही वाचा: हिंसा, भाषा, आत्महत्या.

शेवटचा शब्द इथे महत्त्वाचा आहे. स्वतःची सुपारी म्हणजे दुसऱ्याच्या हातून केलेली आत्महत्याच, आणि ‘इन ब्रूज’मध्येही तो विषय थेट येतो. मोठ्यांच्या गटातही चर्चेच्या सुरुवातीला हे सांगून टाका, म्हणजे ज्याला नको वाटेल तो त्या रविवारी येणार नाही. कुणाला त्रास झाला तर सरकारची टेलि-मानस मदतवाहिनी १४४१६ चोवीस तास चालू असते. हा क्रमांक गटाच्या संदेशातच लिहून ठेवा.

पारसिक_बोगदा

क्रम असा लावा. पहिल्या रविवारसाठी मोठ्यांनी काउरिस्माकीचा पाहायचा. जेमतेम ७९ मिनिटांचा आहे, कामाच्या दिवशी रात्रीही होतो. चर्चेला एकच प्रश्न ठेवा: बार पाडलेला दिसतो त्या क्षणानंतर आपण कुणाकुणावर संशय घेतला? मग ‘द किलर्स गेम’मधला मारियानाच्या नकाराचा प्रसंग आठवा, फरक लगेच हाताला लागेल. काउरिस्माकीच्या सिनेमातला मारेकरी स्वतःच कर्करोगाने मरायला टेकलेला आहे, हेही लक्षात ठेवून पाहा. मरण विकत घेणारा जगायला लागतो आणि मरण विकणारा संपत येतो, अशी उलटापालट आहे ती.

दुसऱ्या रविवारी ‘इन ब्रूज’, १०७ मिनिटं. हा फक्त मोठ्यांसाठी.

मुलांना त्याच आठवड्यात ‘द लेडीकिलर्स’ द्या, पण १९५५चा, अलेक गिनेसचा. २००४ साली याच नावाने पुन्हा काढलेला निराळा आहे, शोधताना वर्ष तपासा. चोरांचा म्होरक्या एका म्हाताऱ्या घरमालकिणीकडे खोली भाड्याने घेतो, टोळी वादक म्हणून तिथे जमते, तिला सगळं कळतं, मग तिला संपवायचं ठरतं. चिठ्ठ्या टाकून माणूस निवडतात आणि प्रत्येक वेळी मरतो तो चोरांपैकीच एक. दीड तासाचा आहे. नेरूळने सांगितलेलं सगळं, म्हणजे रीत, दारं, एकमेकांच्या पायात पाय, त्यात आहे आणि रक्त जवळपास नाहीच. मुलं हा पाहून आली तर दुसऱ्या रविवारचा पहिला अर्धा तास त्यांना द्या, ‘इन ब्रूज’ची चर्चा त्यानंतर घ्या.

घणसोली_स्टंट

त्यात एक भर. मुलांना बोटं मोडून कट मोजायला सांगा, ‘लेडीकिलर्स’च्या छपरावरच्या प्रसंगात. मग तेवढीच मिनिटं हल्लीच्या कुठल्याही मारामारीची, आवाज बंद करून. दोन्ही आकडे कागदावर लिहून आणायला लावा.